पेवातला योसेफ

माझ्या नातवंडांनो,

थोरलीचं पत्र परवा आलं. तिकडच्या चर्चमध्ये लहान मुलांचा रविवारचा वर्ग तिच्याकडे सोपवला आहे आणि पुढच्या महिन्यात तिला योसेफाची गोष्ट शिकवायची आहे. पाठाचा विषय धीर आणि देवावरचा भरवसा. तिनं लिहिलं आहे, "आजी, तू आम्हांला नोहाची गोष्ट सांगितलीस, दानिएलाची सांगितलीस, रूथची तर पाठ करून घेतलीस. योसेफाची कधीच नाही सांगितलीस. तुला ती येत नाही का?"

येते. चांगली येते. तुम्ही सगळे लहानपणी मला आणखी एका गोष्टीवरून हसायचा, की आजी गोष्टीचा शेवट आधीच सांगून टाकते आणि मग सुरुवात करते. या दोन्हींचं कारण एकच आहे. ते न सांगता जावं असं मी ठरवलं होतं. पण आता तुमच्यातली एक जण मुलांसमोर ती गोष्ट घेऊन उभी राहणार आहे, तेव्हा त्याआधी हे लिहून पोचवायला हवं.

सवयीप्रमाणे शेवट आधी सांगते. यात एक मुलगी मरते. ती आठ वर्षांची होती.

मी आणि तुमचे आजोबा लग्नानंतर दोन वर्षं केनवडच्या बाजूच्या एका गावात होतो. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि आपल्या वाशीमला साहेबाच्या कागदांत बासीम म्हणत. मिशननं तिथं एक छोटी शाळा काढली होती. आजोबा मुलांना शिकवत, मी मुलींना. मी बावीस वर्षांची होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, शिक्षिकेचा वर्ग पास झालेली, आणि त्याचा मला अभिमान होता, हे कबूल केलं पाहिजे. माझी टाचणवही होती. प्रत्येक पाठाचा हेतू, साहित्य, प्रश्न आणि शेवटी निष्कर्ष, असे चार रकाने आखून मी ती लिहीत असे.

रविवारी दुपारी ओसरीवर बायबलच्या गोष्टींचा वर्ग असे. येणारी मुलं बहुतेक शेतकऱ्यांची, हिंदू घरांतली. रंगीत चित्रं पाहायला आणि गाणी म्हणायला ती यायची. आईबापांची हरकत नसे. मी वर्गाआधी मुलींच्या वेण्या घालायची, हे त्यांना विशेष सोयीचं होतं. त्या आठ वर्षांच्या मुलीची आई मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "मास्तरीनबाई, देव तुमचा सांगा का आमचा सांगा. पन पोट्टीच्या उवा तेवढ्या काढून द्या." आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसली होती.

ती मुलगी म्हणजे वाट पाहणं ठाऊकच नसलेलं पोर होतं. भाकरी तव्यावर फुगायच्या आत ती ओढायची आणि बोटं भाजून घ्यायची. घरामागं आईनं भुईमुगाचे चार वेल लावले होते. शेंगा भरल्या का ते पाहायला ही वेल उपटायची, पाहायची आणि पुन्हा मातीत खोचून ठेवायची. अर्थात ते वाळून जायचे. आई कपाळाला हात लावून म्हणायची, "बाई, इले दम म्हून नाही. तुमच्या पुस्तकात यावर काई औषध असंल तं पाहा."

म्हणून मी योसेफाचा पाठ निवडला. टाचणवहीत हेतूच्या रकान्यात लिहिलं: धीर.

आमच्याकडे 'धीर' म्हटलं तर मुलं नुसती माझ्या तोंडाकडे पाहायची. त्यांच्या बोलीत धीराला 'दम' म्हणतात. दम धर, म्हणजे थांब, घाई करू नको. आणि दम म्हणजे श्वासही. मी पुस्तकातला शब्द सोडून त्यांचाच शब्द घेतला. मुलांच्या भाषेत उतरून शिकवावं, असं आम्हांला शिकवलेलं होतं.

गोष्ट चांगली रंगली. बापाचा लाडका योसेफ, त्याचं रंगीत आंगडं, जळणारे भाऊ. भावांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकलं, इथं आल्यावर गाडी अडली. एक मुलगी म्हणाली, "विहीर कोरडी कशी असंल बाई? मंग थे विहीर कायची?" ही आमची मुलगी लगेच म्हणाली, "पेव असंल!"

पेव तुम्ही पाहिलेलं नाही. गावाची जुनी वस्ती जिथं असते, तिथली पांढरी माती कोरडी राहते. तिथं दोन पुरुष खोल खड्डा खणायचा, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद, रांजणासारखा. आतून कडब्याचा थर देऊन त्यात ज्वारी भरायची आणि वरून दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायची. वर्ष, दोन वर्षं धान्य आत राहतं. मला तो शब्द फार आवडला. मी म्हटलं, "शाब्बास! पेवच. योसेफाला त्याच्या भावांनी रिकाम्या पेवात टाकलं."

मुलं एकमेकांना खेटून बसली. मग एकीनं हळूच विचारलं, "पेवात भूत असते ना बाई? थे मान दाबते."

त्या गावात सगळ्या मुलांना हे सांगितलेलं असायचं. पेवाजवळ जाऊ नका, आत भूत आहे. मी शिकलेली होते. अंधश्रद्धा दिसली की ती तिथल्या तिथं दूर करणं, हे मी माझं काम समजत होते. मी म्हटलं, "पेवात भूतबीत काही नसतं. पेवातसुद्धा देवच असतो. म्हणून योसेफ घाबरला नाही, ओरडला नाही. त्यानं दम धरला."

आणि तिथं मी गोष्ट थांबवली.

ते माझ्या शिक्षणात होतं. उत्सुकता शिगेला पोचली की थांबावं, म्हणजे मुलं पुढच्या वेळी नक्की येतात. शिवाय विषयच धीर होता. मुलांना आठवडाभर थांबायला लावणं यापेक्षा धीराचा चांगला धडा कोणता, असं मला वाटलं.

बाकीची मुलं पळाली. ही माझ्या मागं उंबऱ्यापर्यंत आली.

"बाई, त्याले वर काढलं का?"

"पुढच्या रविवारी."

"सारं नका सांगू. हो का नाही, तेवढंच सांगा."

"दम धर."

"एका बोलात सांगा नं बाई. मी कोनाले नाही सांगत."

मी हसून तिच्या गालावर टिचकी मारली आणि दार लोटून घेतलं. त्या संध्याकाळी टाचणवहीच्या निष्कर्षाच्या रकान्यात मी लिहिलं: "पाठ सफल. कुतूहल टिकलं."

पेरण्या उरकल्या होत्या आणि पावसानं उघडीप दिली होती. बुधवारी सकाळी पाटलांच्या माणसांनी मजुरांना द्यायच्या ज्वारीसाठी एक पेव उघडलं. पेव उघडलं की त्या दिवशी कोणी आत उतरत नाही. आत कोंडलेली हवा वाईट असते. तोंड उघडं ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पेटता कंदील दोरानं खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो, विझला तर पुन्हा थांबायचं. हे गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत होतं. लहान मुलांना हवेचं काय सांगणार, म्हणून त्यांना भूत सांगत. मला हे माहीत नव्हतं. मी भूत काढून टाकलं, आणि त्याच्या जागी काय होतं ते विचारलं नाही.

माणसं दोर खुंटीला बांधून, तोंडावर काट्याचं झुडूप ओढून जेवायला गेली. आमची मुलं तिथं पोचली. तीन मुली होत्या. दोघी भाऊ झाल्या आणि ही योसेफ झाली. झुडूप बाजूला करून ती दोराला धरून उतरली.

त्यातली एक रडत शाळेत आली, ती थेट माझ्याकडे. मी विचारलं, हाका मारल्या नाहीत का? ती म्हणाली, "मारल्या. थे बोलतच नव्हती. आमाले वाटलं, दम धरून राह्यली."

मी पळत गेले. माणसंही धावली. कंदील सोडला, तो अर्ध्यावर विझला. पाटलांचा एक जुना गडी होता, त्यानं कमरेला दोर बांधला, तोंडाला ओला पंचा गुंडाळला आणि म्हणाला, "दम धरून जातो. दोर हालला का वढा." तो दोनदा गेला. दुसऱ्यांदा तिला घेऊन वर आला आणि कितीतरी वेळ पालथा पडून ओकत राहिला. ती झोपल्यासारखी दिसत होती. मी घातलेल्या वेण्यांमध्ये कडबा अडकला होता.

तिची आई शेतातून आली तेव्हा लोक बाजूला झाले. तिनं मुलीला मांडीवर घेतलं, कडब्याच्या काड्या एकेक करून काढल्या आणि सगळ्यांना विचारलं, "काहून उतरली असंल व थे? घाबरट पोट्टी होती माही. पेवाकडून जायची तं माहा हात धरे."

कोणी म्हणालं भुतानं ओढली. मग सगळेच तसं म्हणू लागले. त्या दोन मुली भीतीनं काही बोलल्या नाहीत. आणि मी, जिनं रविवारी त्या भुताला नाही म्हटलं होतं, ती बुधवारी त्याच भुताच्या आड लपले.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. आजोबांना मी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "जा, आणि सांगून ये." मी त्याच हेतूनं निघाले होते. आईनं मला बसायला पोतं टाकलं. पाणी दिलं. मग माझ्याकडे पाहून तोच प्रश्न विचारला, "बाई, काहून उतरली असंल?"

मी म्हटलं, "देवाची मर्जी."

ती "हं" म्हणाली आणि तांब्या उचलून आत गेली.

त्यानंतर मी सांगायचं पुढं ढकलत गेले. तेराव्यानंतर सांगू. नागपंचमी होऊन जाऊ दे. पोळा होऊ दे. दिवाळी तिला आधीच जड जाईल, ती सरू दे. रोज प्रार्थनेत मी म्हणे, देवा, योग्य वेळ दाखव. आणि वेळ दिसली नाही की मला हायसं वाटे. याला मी धीर म्हणत होते. देव वेळ दाखवील यावर माझा भरवसा आहे, असं स्वतःला समजावत होते. आता वाटतं, भ्याडपणाला इतकं चांगलं नाव मी पूर्वी कधी दिलं नव्हतं.

रविवारचा वर्ग चालू राहिला. चार-पाच मुलं येत. मी नोहाचं तारू काढलं. योसेफाचं पुढं काय झालं, असं एकाही मुलानं विचारलं नाही. त्या दोन मुली खाली मान घालून जमिनीवर बोटानं रेघा ओढत बसायच्या.

तिची आई मात्र पूर्वीसारखीच वागत होती. विहिरीवर भेटली की बोलायची. तुमचा बाप माझ्या पोटात होता. तिला ते माझ्याआधी कळलं. "बाई, आता दोन दोन घागरी उचलू नका," म्हणाली आणि माझी एक घागर स्वतःच्या डोक्यावर घेऊन दारापर्यंत आली. त्या दिवशी मी घरात जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिले, ती पुष्कळ वेळ.

पौषात मला अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. आजोबांचीही बदली तिकडेच झाली. निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, ती आली. पदरात तुरीच्या ओल्या शेंगा होत्या. ओसरीवर बसून ती शेंगा सोलायला लागली.

"जाता म्हनं उद्या."

"हो. सकाळी बैलांची दमणी येईल."

"गचके लय बसतीन. खाली कडबा टाकाले लावा." कडबा म्हटल्यावर ती क्षणभर थांबली, मग पुन्हा सोलू लागली.

मी तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "वहिनी, तुम्हांला सांगायचं एक राहिलंय." आणि सांगितलं. पाठाचा अहवाल द्यावा तसं, क्रमानं. पेव हा शब्द, भूत नसतं हे सांगणं, गोष्ट मध्येच तोडणं, उंबऱ्यावरचं तिचं विचारणं, आणि मी म्हटलेलं दम धर. काही गाळलं नाही. बोलताना मी दोन्ही हात मांडीखाली धरून बसले होते.

तिनं एक शेंग सोलली. दुसरी घेतली.

"माहीत हाय मले," ती म्हणाली.

मी मांडीखालचे हात काढले.

"त्या आइतवारी मी भाकरी टाकून राह्यली होती. आली अन् सारी गोष्ट सांगतली मले. आंगडं सांगतलं, भाऊ सांगतले, पेव सांगतलं. मंग मलेच विचारे, माय, त्याले वर काढलं का व? म्या म्हनलं, मले काय ठाव, तुह्या बाईले विचार. तं म्हने, बाई म्हनते दम धर."

"मग तुम्ही मला का विचारलंत? काहून उतरली म्हणून?"

"तुमी सांगसान म्हून विचारलं." तिचा आवाज चढला नाही. "तुमी म्हनल्या, देवाची मर्जी. मले वाटलं, शिकेल बाई हाय, आज नाही तं उद्या सांगन. वाट पाहून राह्यली."

सहा महिने. पाठ मी शिकवला होता आणि तो करून ती दाखवत होती.

मी रडायला लागले. तिनं रडू दिलं. समजूत घातली नाही. मग शेंगांची टरफलं एका बाजूला सारून म्हणाली, "आता सांगा पुढची. काढला का त्याले?"

"काढला."

"कोनं?"

"भावांनीच. वाटेनं व्यापारी चालले होते, त्यांना विकला."

"म्हंजे इकासाठी काढला म्हना." ती किंचित हसली, ते हसू चांगलं नव्हतं. "अन् बापाले काय सांगतलं?"

मी सांगत गेले. आंगडं रक्तात बुडवून बापासमोर टाकलं, त्याला वाटलं जनावरानं खाल्लं. योसेफ परक्या मुलखात गुलाम झाला, नसलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेला, तिथं विसरला गेला. मग राजाचं स्वप्न, सात वर्षांची सुबत्ता, सात वर्षांचा दुष्काळ, धान्याची भरलेली कोठारं. इथं ती म्हणाली, "पेवं भरली म्हना," आणि मी हो म्हटलं. मग भाऊ धान्य मागायला आले, ओळख पटली आणि म्हाताऱ्या बापाला मुलगा भेटला. ओसरीवरचं ऊन पायरीखाली उतरलं होतं.

"इतकी वर्सं बाप रडला," ती म्हणाली. "अन् एकाही भावाच्या तोंडून निंघालं नाही?"

"नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"पन भेटला."

"भेटला."

"बरं झालं." ती उठली, पदर झटकला. मग पाठमोरी असतानाच म्हणाली, "काढला. एवढंच सांगाचं होतं तिले. एकच तं बोल होता, बाई."

मी म्हटलं, "हो."

तिनं मला क्षमा केली का, मला माहीत नाही. ती तसं म्हणाली नाही आणि मागायचं मला धाडस झालं नाही. सोललेले तुरीचे दाणे तिनं माझ्या पदरात ओतले. मग घरी जाऊन मुलीची पाटी घेऊन आली. "हे ठेवा. पोट्टं झालं का त्याले द्या. अन् त्याले गोष्ट सांगसान तं पुरी सांगा."

तुमच्या बापाला मी ती पाटी दिली नाही. माझ्याच्यानं दिली गेली नाही. गोष्टी मात्र पुऱ्या सांगितल्या, शेवट आधी सांगून. योसेफाची ओठांवर आली की मी दुसरीच सुरू करत असे.

थोरले, तू ती सांग. गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे. तिच्यातला देवही खरा आहे, असं मी आजही मानते. पण एका बैठकीत सांग. मुलं ज्याला घाबरतात ते तिथं नाही असं म्हणण्याआधी, तिथं खरोखर काय आहे ते चौकशी करून घे. आणि कुणी उंबऱ्यावर अडवून विचारलं तर दार लावून घेऊ नकोस.

त्या गावाहून पुढं एकदाच निरोप आला होता, की पाटलांनी ते पेव दगडमातीनं बुजवून टाकलं. तिची आई कधी गेली ते मला कळलं नाही. टाचणवह्या आजोबांच्या मागं मी जाळल्या.

पाटी माझ्या पेटीत तळाशी आहे. तिची एक बाजूची चौकट निघाली आहे. तिच्यावर एक गोल आहे आणि गोलात एक उभी रेघ, माणसाची. पेन्सिलीत खडा असावा, कारण रेघ दगडात उतरली आहे आणि ओल्या फडक्यानं पुसली जात नाही.